हीट पंप बंद पडलाय? फोन करायच्या आधी काय बघायचं, आणि परत पडू नये म्हणून काय करायचं

पहाटे पाचच्या आसपास जाग आली ती थंडीने. नाक गार, पाय गार आणि घर एकदम शांत, म्हणजे बाहेरच्या युनिटचा जो घूं आवाज रात्रभर येत असतो आणि ज्याच्याकडे एरवी आपलं लक्षही नसतं, तोच येत नव्हता. कंट्रोलरच्या स्क्रीनवर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत होते. मी काय केलं तर स्विच बंद केला, चालू केला, परत बंद, परत चालू, असं सात-आठ वेळा, आणि त्या नादात तो कोडच उडाला. दुपारी टेक्निशियन आला, त्याचा पहिला प्रश्न, "ताई, कोड काय होता?" आणि मी गप्प.

शेवटी बिघाड काय निघाला, तर बाहेरच्या युनिटमधल्या कॉन्टॅक्टरच्या (मशीनला करंट जोडणारा-तोडणारा स्विच) दोन पॉइंट्सच्या मध्ये मुंग्या शिरून चिरडून जळल्या होत्या, त्यांचा एक काळा थर बसला होता आणि त्यामुळे करंट पुढे जातच नव्हता. नखाएवढा थर! त्याच्यापायी आम्ही सगळे स्वेटर घालून बसलो होतो, आणि तो सापडायच्या आधी दोन तास गॅस चेक करण्यात गेले कारण कोड माहीत नव्हता.

त्यानंतर मी या मशीनच्या बऱ्यापैकी मागे लागले. मॅन्युअल वाचलं, प्रत्येक सर्व्हिसिंगला शेजारी उभी राहून प्रश्न विचारले (टेक्निशियन कंटाळतात, कंटाळू द्या), आणि आता माझं ठाम मत झालंय की हीट पंपाचे मोठे पार्ट सहसा आधी जात नाहीत. आधी काहीतरी छोटं अडतं, हवा अडते, पाणी अडतं नाहीतर करंट अडतो, आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. आपण ते छोटं शोधायचं सोडून रीसेट मारत बसतो आणि मग खरोखर मोठा पार्ट जातो. म्हणून हा लेख, ज्यांच्या घरी नुकताच हीट पंप बसलाय त्यांच्यासाठी.

मशीन करतं काय, हे दोन मिनिटांत

फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट्या दिशेने करतो, बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून घरात आणून सोडतो. बाहेर शून्य डिग्री असलं तरी त्या हवेत उष्णता असते, आणि मशीनच्या पाइपात फिरणारा गॅस त्याहूनही गार असतो म्हणून ती त्या गॅसमध्ये येते. उष्णता तयार करायची नसून नुसती वाहून आणायची असते, म्हणून १ युनिट विजेत साधारण २ ते ४ युनिट उष्णता मिळते. साध्या हीटरला १ ला १ च मिळते.

पण वाहून आणायची म्हणजे वाट मोकळी पाहिजे. बाहेरच्या कॉइलमधून (गॅस फिरतो त्या पाइपांची जाळी) हवा वाहिली पाहिजे, आत हवा किंवा पाणी वाहिलं पाहिजे. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पायरी १: खरंच बिघडलाय का ते बघा

नवीन माणसाला या मशीनच्या चार गोष्टी हमखास घाबरवतात.

एक म्हणजे कोमट हवा. साध्या हीटरची सवय असते, त्यातून भसकन गरम झोत येतो. हीट पंपातून येणारी हवा बऱ्याचदा ३२ ते ४० डिग्रीच असते, आणि आपल्या हाताची त्वचाच ३२-३४ च्या घरात असते, त्यामुळे हात धरला की वाटतं गारच येतंय की! हातावर विश्वास ठेवू नका. साधा थर्मामीटर घ्या, मशीन हवा आत ओढतं तिथे आणि बाहेर सोडतं तिथे, दोन्ही ठिकाणी पाच-पाच मिनिटं धरा. फरक ८-१० डिग्री किंवा जास्त असेल तर मशीन काम करतंय. फरक २-३ डिग्रीच असेल तर काहीतरी अडलंय.

दुसरं डीफ्रॉस्ट. थंड आणि दमट हवेत बाहेरच्या कॉइलवर बर्फाचा पांढरा थर धरतो, मग मशीन थोडा वेळ उलटं फिरून तीच कॉइल गरम करतं आणि तो बर्फ वितळवतं. त्या वेळी बाहेरचा पंखा थांबतो, फस्स असा मोठा आवाज येतो, पाणी गळतं आणि वाफेचा असा लोट उठतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आग लागली. मी एकदा खरंच बादली घेऊन पळाले होते. हे ५ ते १० मिनिटं चालतं आणि खराब हवेत दर तास-दीड तासाने, कधी त्याहूनही लवकर होऊ शकतं. नॉर्मल आहे.

तिसरं, बंद करून लगेच चालू केलं की ३ ते ५ मिनिटं ते ढिम्म हलत नाही. कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणारा भाग) दोन्हीकडचं प्रेशर सारखं व्हायला वेळ लागतो म्हणून तो डिले मुद्दाम दिलेला असतो. माझे ते सात-आठ रीसेट आठवतायत ना? प्रत्येक वेळी मी ते घड्याळ पहिल्यापासून सुरू करत होते, हे नंतर कळलं.

आणि चौथं, ते तासनतास चालूच राहतं. कडक थंडीत हळू स्पीडवर सतत चालणं हे इन्व्हर्टर मशीनचं (म्हणजे कॉम्प्रेसरचा स्पीड गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या, बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी संबंध नाही) उत्तम लक्षण आहे. उलट दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर काळजी करा.

पायरी २: धोक्याचं काही आहे का

जळका वास, वितळलेलं प्लॅस्टिक, ठिणगीचा आवाज, किंवा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) चालू केल्या केल्या परत पडतोय, यातलं एक जरी असलं तरी मेन बंद करा आणि पुढच्या पायऱ्या सोडून द्या, सरळ टेक्निशियनला बोलवा.

युनिटवरची पाटी वाचून गॅस कोणता आहे ते आधीच माहीत करून घ्या. आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, म्हणजे आपल्या शेगडीतल्या गॅसचाच भाऊ, चांगलाच पेट घेतो. आर-३२ सुद्धा थोडा पेट घेणारा आहे. सतत फिस्स आवाज, पाइपच्या जोडावर तेलकट डाग असं दिसलं तर जवळ काडी ओढू नका, युनिट खोलीत असेल तर दारं-खिडक्या उघडा आणि लांब व्हा.

आणि झाकण उघडायचं नाही. वीज बंद केली तरी आतले कॅपॅसिटर चार्ज धरून बसलेले असतात आणि इन्व्हर्टरच्या बोर्डावर तर स्विच बंद केल्यावरही काही मिनिटं जीवघेणा व्होल्टेज असतो. "फक्त बघतो" म्हणून स्क्रू काढणारे हुशार लोक घरोघरी असतात, त्यांना आवरा.

पायरी ३: सेटिंग आणि करंट

हे वाचून हसाल, पण रिमोटवर मोड बघा. हीटवरच आहे का, कोणी मुलाने कूल किंवा फॅनवर टाकलंय का, टायमर लागलाय का, सुट्टीचा मोड राहून गेलाय का. थर्मोस्टॅट बॅटरीवर चालणारा असेल तर बॅटरी बदला. सेट केलेलं तापमान खोलीपेक्षा जास्त आहे ना, तेही बघा.

मग बोर्डाकडे जा. बऱ्याच घरात आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे एमसीबी वेगवेगळे असतात आणि बाहेर युनिटजवळ त्याची वीज तोडणारा आणखी एक आयसोलेटर स्विच असतो. बाहेरचा पडला आणि आतला चालू राहिला की आतला पंखा इमानेइतबारे फिरतो पण गार हवा फेकतो, आणि आपण म्हणतो गॅस संपला. एमसीबी पडलेला दिसला तर आधी थर्मोस्टॅट बंद करा, एमसीबी पूर्ण खाली करून वर करा, पाच मिनिटं थांबा, मग थर्मोस्टॅट चालू करा. हे फक्त एकदाच करायचं! परत पडला तर त्याला पडू द्या. तो पडतोय म्हणजे बहुतेक वायर किंवा कॉम्प्रेसर कुठेतरी शॉर्ट होतोय आणि प्रत्येक रीसेटला आपण तिथे आणखी एक दणका देतोय.

अजून एक, जे मला कोणीच सांगितलं नव्हतं. कडाक्याच्या थंडीत लाइट बराच वेळ गेली असेल, म्हणजे रात्रभर वगैरे, तर आल्या आल्या मशीन चालू करायची घाई करू नका. कॉम्प्रेसरच्या बुडाशी एक छोटा हीटर असतो, तो तिथलं तेल गरम ठेवतो. तो बंद राहिला की गॅसचा द्रव होऊन तेलात मिसळतो आणि अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू केला की तेल फेसाळून वर जातं आणि बेअरिंग कोरडी चालतात. म्हणून मेन स्विच चालू ठेवायचा पण हीटिंग बंद, आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कुठे ६ तास लिहिलेले असतात कुठे १२. त्रास आहे, पण कॉम्प्रेसर बदलण्याच्या त्रासापेक्षा कमी.

पायरी ४: हवा

आतल्या युनिटचा फिल्टर काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बिघाड बहुतेक तुमच्या हातातच आहे. जाळीचा फिल्टर कोमट पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. कागदी असेल तर नवीन घाला. फिल्टर गच्च झाला की आतली उष्णता खोलीत जात नाही, गॅसचं प्रेशर वाढत जातं आणि एका हद्दीनंतर मशीन हाय प्रेशरवर बंद होतं. खोल्यांमधल्या हवा येण्या-जाण्याच्या जाळ्या उघड्या आहेत का, त्यांच्यासमोर सोफा, कपाट, पडदा काही आलंय का तेही बघा. "ही खोली वापरत नाही" म्हणून जाळ्या बंद करायची सवय असते लोकांना, डक्टवाल्या (मोठ्या नळीतून खोल्याखोल्यांत हवा नेणाऱ्या) सिस्टिमला ते अजिबात मानवत नाही.

मग बाहेर जा. वाळलेली पानं, प्लॅस्टिकची पिशवी, साचलेला बर्फ, युनिटला टेकवून ठेवलेली सायकल, सगळं बाजूला. चारी बाजूंनी किमान दीड-दोन फूट आणि पंख्याच्या तोंडासमोर त्याहून जास्त मोकळी जागा पाहिजे, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पंख्यात काही अडकलेलं दिसलं तर आधी आयसोलेटर बंद, मगच हात.

आता बर्फाचं. कॉइलवर पातळ पांढरा थर चालतो, पण सगळं युनिट बर्फाच्या लादीत बसल्यासारखं झालंय आणि तास-दोन तासांत उतरत नाहीये, तर डीफ्रॉस्ट होत नाहीये. बाहेरचा पंखा फिरत नसेल, सेन्सर गेला असेल, गॅस कमी असेल किंवा खालची पाणी जायची भोकं तुंबली असतील. यातली भोकं तेवढी आपण मोकळी करू शकतो. आणि तो बर्फ सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं असल्या कशानेही खरवडायचा नाही! त्या कॉइलचा पाइप पातळ असतो, एक भोक पडलं की सगळा गॅस गेला. मशीन बंद करून कोमट पाणी हळूहळू सोडा, उकळतं नको, आणि पाणी खाली साचून परत गोठणार नाही हे बघा.

पायरी ५: पाणी (ज्यांच्याकडे रेडिएटर किंवा फ्लोअर हीटिंग आहे)

हवेवाल्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल, पण पाणीवाल्यांनी नीट वाचा, कारण इथली चूक महागात जाते.

प्रेशर गेज बघा. सिस्टिम गार असताना साधारण १ ते १.५ बार असायला हवं. काटा ०.५ च्या खाली गेला असेल तर पंप पाणी फिरवू शकत नाही आणि मशीन फ्लोचा एरर दाखवून बंद होतं. भरायचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे इन्स्टॉलरने दाखवलेलं असतं (नसेल तर फोनवर विचारा), हळूहळू भरा. पाण्यात अँटीफ्रीझ घातलेलं असेल तर मात्र विचारल्याशिवाय साधं पाणी भरू नका, मिश्रण पातळ होतं. एकदा भरलं आणि आठवड्यात परत उतरलं तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन टाकीतली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी टाकी) हवा गेलीये, दर आठवड्याला भरत बसणं हा त्यावर उपाय नाही.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागत असेल तर आत हवा अडकलीये, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या किल्लीने ती काढा, पाण्याची धार लागली की बंद. आणि परत येणाऱ्या पाइपवर स्ट्रेनर असतो, त्यातल्या जाळीत पहिल्या वर्षी काय काय सापडतं विचारू नका, सोल्डरचे गोळे, टेफ्लॉनचे धागे, काळा गाळ. आमच्याकडे एकदा चक्क पाइप कापताना पडलेली चकती निघाली होती. दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून जाळी काढता येते, पण पहिल्यांदा टेक्निशियनकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून शिका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांचं सगळं मशीन बाहेर आहे आणि पाण्याचे पाइप घरातून बाहेर जातात, त्यांनी बाहेर शून्याच्या खाली तापमान असताना "बिघडलंय ना, मग बंदच करून ठेवू" असं अजिबात करू नका. हीटिंग बंद असलं तरी बहुतेक मशीन गारठ्यात तो फिरवणारा पंप अधूनमधून आपोआप चालवतात म्हणजे पाणी गोठू नये. तुम्ही मेन बंद केला की ते थांबतं, आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) पाणी गोठतं, फुगतं आणि तो फाटतो. म्हणजे एका सेन्सरच्या कामाचं अख्ख्या मशीनचं काम झालं. अँटीफ्रीझ असेल किंवा गारठ्यात पाणी आपोआप सोडून देणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतील तर गोष्ट वेगळी. पण पायरी २ मधलं जळकं काही असेल तर मेन बंदच करावा लागतो, मग बाहेरच्या भागातलं पाणी काढून टाकायचं. ते कसं काढायचं हे इन्स्टॉलरकडून हिवाळा सुरू व्हायच्या आधी शिकून घ्या, रात्री दोन वाजता टॉर्च तोंडात धरून नाही.

पायरी ६: कोडचा फोटो, मग फोन

रीसेट करायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा. दिवा लुकलुकत असेल तर व्हिडिओ काढा, कारण कोणता दिवा किती वेळा लुकलुकतो त्यातही कोड असतो. विचित्र आवाज येत असेल तर तोही रेकॉर्ड करा, टेक्निशियन आला की मशीन हमखास शहाण्यासारखं वागतं. युनिटच्या पाटीचा फोटो काढा, त्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि गॅसचा प्रकार असतो.

फोनवर "चालत नाहीये" एवढंच सांगू नका. कधीपासून, बाहेर किती थंडी होती, आतला पंखा फिरतो का, बाहेरचा फिरतो का, एमसीबी पडला का, कोड काय, अलीकडे कोणी काही काम केलं का (रंगकाम, इलेक्ट्रिकचं, इंटरनेटवाला भिंतीला भोक पाडून गेला), हे सांगा. एवढं सांगितलं तर समोरचा माणूस पार्ट बरोबर घेऊनच येतो, नाहीतर पहिली चक्कर फक्त बघायची होते.

तोपर्यंत घर उबदार कसं ठेवायचं? सिस्टिममध्ये इमर्जन्सी हीट किंवा बॅकअप हीटर असेल तर तो चालू करा, तो कॉम्प्रेसरशिवाय चालतो. पण तो साधा विजेचा हीटर आहे, तेवढ्याच उबेसाठी दोन-तीनपट वीज खाईल, म्हणून मशीन दुरुस्त झाल्यावर आठवणीने बंद करा. हा चालूच राहिल्याचं महिन्याच्या बिलावरून कळलेले लोक मला माहीत आहेत, त्यातली एक मी. सुटे हीटर वापरणार असाल तर सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शनवर नाही, पडदे-पांघरुणांपासून किमान १ मीटर लांब, आणि झोपताना बंद. कोळशाची शेगडी घरात पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पायरी ७: टेक्निशियन आल्यावर

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात आणि फसवणारं वाक्य ठरलेलं आहे, "गॅस कमी झालाय, भरून देतो."

गॅस हे पेट्रोल नाही, तो वापरून संपत नाही. तो बंद पाइपात गोल फिरत असतो आणि गळती नसेल तर मशीनच्या अख्ख्या आयुष्यात भरावा लागत नाही. म्हणून कमी झालाय म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, "दादा, गेला कुठून?" गळती शोधायला नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करतात, जोडांवर साबणाचं पाणी लावतात किंवा डिटेक्टर फिरवतात. गळती बंद केली की व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची आणि मग पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. नुसतं गेज लावून "बास, एवढा पुरे" असं चाललं असेल तर थांबवा. जास्त गॅसही तेवढाच वाईट. गळती न शोधता भरला तर पुढच्या हिवाळ्यात तुम्ही परत तोच फोन करणार आणि मधल्या काळात कॉम्प्रेसर कमी गॅसवर तापून तापून चाललेला असणार, कारण त्याला गार ठेवायचं काम तोच परत येणारा गॅस करतो.

दुसरं ठरलेलं वाक्य, "कॉम्प्रेसर गेला." असू शकतं, पण कशावरून ते विचारा. कॉम्प्रेसरला येणारा व्होल्टेज मोजला का, वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजला का, मेगरने (इन्सुलेशन तपासायचा मीटर) वाइंडिंग अर्थ झालंय का ते तपासलं का. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनमध्ये कॅपॅसिटर मोजला का, तो फुगला किंवा त्याचे मायक्रोफॅरड (म्हणजे क्षमता) उतरले तरी कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो आणि सुरू होत नाही, आणि कॅपॅसिटर ही अगदी स्वस्त वस्तू आहे. आमच्या कॉन्टॅक्टरचंच बघा ना. बोर्ड बदलायला सांगितला तरी तेच, आधी सेन्सर आणि कनेक्टर तपासले का विचारायचं. चांगला टेक्निशियन या प्रश्नांनी चिडत नाही, उलट मीटर लावून दाखवतो.

कॉम्प्रेसर आतून जळाल्यामुळे खरंच बदलायची वेळ आली तर पाइप साफ करणं आणि फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा धरणारा भाग) नवीन टाकणं हे त्या कामातच धरलंय ना, ते लेखी घ्या. आत ॲसिड झालेलं असतं, ते राहिलं तर नवीन कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. आणि तो मुळात का गेला हे कळल्याशिवाय नवीन बसवू नका.

दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं? माझा अंदाज असा: मशीन ८-१० वर्षांच्या आत आणि एकच पार्ट गेलाय तर दुरुस्त करा. १५ च्या पुढे आणि कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेली तर नवीन बघा, त्यातून आर-२२ सारखा जुना गॅस असेल तर नक्कीच, तो टप्प्याटप्प्याने बंद केला जातोय. मधल्यांनी वॉरंटीचे कागद शोधावेत. कॉम्प्रेसरची वॉरंटी बऱ्याचदा बाकी मशीनपेक्षा जास्त वर्षांची असते आणि हे लोक विसरून जातात.

परत बंद पडू नये म्हणून

महिन्यातून एकदा फिल्टर बघा, घरात कुत्रा-मांजर असेल तर दोनदा. त्याच दिवशी बाहेर एक चक्कर मारा.

वर्षातून दोनदा बाहेरची कॉइल धुवा, मेन बंद करून, बागेच्या साध्या पाइपने. गाडी धुवायचा प्रेशर वॉशर नको, कॉइलवरचे पातळ पत्रे वाकून चिकटतात आणि मग हवाच जात नाही. युनिट जमिनीला टेकलेलं असेल आणि तुमच्याकडे बर्फ पडत असेल तर स्टँडवर उचलून घ्या. ताडपत्रीने गुंडाळून ठेवायचा मोह होतो, तो टाळा, चालू मशीनला गुंडाळलं तर ते गुदमरतं आणि बंद मशीनला गुंडाळलं तर आत ओल धरते आणि उंदीर घर करतात, वायरी कुरतडतात. वायर जिथून आत जाते ते भोक सील करून घ्या. आमच्या मुंग्या तिथूनच आल्या होत्या.

रात्री तापमान एकदम खाली आणि सकाळी एकदम वर, ही हीटरच्या काळातली सवय सोडा. सकाळी ५-६ डिग्रीची उडी मारायला सांगितली की मशीनला जमत नाही आणि ते बॅकअप हीटर लावतं. एक-दोन डिग्रीचा फरक ठीक. पाणीवाल्यांनी पाण्याचं तापमान जमेल तेवढं कमी ठेवावं, घर उबदार राहतंय तोवर ५५ ऐवजी ४५, ४० करत खाली यावं. दर डिग्रीला साधारण २-३ टक्के वीज वाचते आणि कॉम्प्रेसरवरचा ताणही कमी होतो. फक्त आंघोळीच्या पाण्याच्या टाकीला हे लावू नका, तिथे लिजिओनेला नावाचे जंतू मारायला अधूनमधून ६० डिग्रीचा फेरा असतो तो बंद करू नका.

मशीन सारखं चालू-बंद होतंय असं वाटलं तर एक तास बसून मोजा. तासाला ५-६ वेळांपेक्षा जास्त सुरू होत असेल तर इन्स्टॉलरला सांगा. मशीन घराच्या मानाने फार मोठं आहे, थर्मोस्टॅट चुकीच्या जागी आहे किंवा खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवल्यामुळे पाणी फिरायला जागा नाही, यातलं काहीतरी असतं.

सर्व्हिसिंग वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या दोन महिने आधी. त्याचा कागद जपून ठेवा, बऱ्याच वॉरंटींमध्ये दरवर्षीच्या सर्व्हिसिंगचा पुरावा मागतात. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या, इन्व्हर्टरचा बोर्ड विजेच्या एका झटक्यात जाऊ शकतो.

आणि एक वही करा. मोबाईलमध्ये नको, कागदाची, बोर्डाजवळ टांगलेली. त्यात महिन्याचं मीटर रीडिंग, फिल्टरची तारीख, पाणीवाल्यांनी प्रेशर, आणि कधी काही वेगळं वाटलं तर एक ओळ. मागच्या वर्षी तेवढ्याच थंडीत आमचं रीडिंग अचानक बरंच वाढलेलं दिसलं, घर तर उबदार होतं, तक्रार काहीच नव्हती. बोलावून बघितलं तर बाहेरच्या पंख्याची मोटर जड झाली होती, अजून फिरत होती पण निम्म्या जोमाने. कोड यायच्या आधी ती सापडली ती या वहीमुळे. पहिल्या पानावर कोणता एमसीबी कशाचा, आयसोलेटर कुठे, पाणी भरायचा व्हॉल्व्ह कुठे हे लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला असलात तरी घरातल्यांना कळेल.

थंडी यायच्या आधी एकदा पंधरा-वीस मिनिटं इमर्जन्सी हीट मुद्दाम चालवून बघा. वर्षभर बसलेली धूळ जळल्याचा वास येईल, घाबरू नका, खिडकी उघडा. पण वास गेलाच नाही किंवा एमसीबी पडला तर बंद करा आणि त्याच दिवशी फोन लावा. तेव्हा टेक्निशियन मोकळे असतात, पहिल्या थंडीच्या लाटेत आठ-आठ दिवस कोणी फोन उचलत नाही.